महाराणींचा कासोटा

"अठराव्या शतकात पॉलिस्टर नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, आणि मखमली दोरी उचलून सरळ आत गेल्या.

मी दोरीच्या अलीकडेच उभी राहिले. समोर एका लाकडी चौथऱ्यावर महाराणी उभ्या होत्या. म्हणजे कापडाच्या दुकानात असतो तसला पुतळाच, फक्त नाकात नथ आणि डोक्यावर अंबाड्याचा टोप. खाली पाटी होती : 'राजघराण्यातील स्त्रीची वेशभूषा, अठरावे शतक (प्रतिकृती)'. सासूबाईंनी महाराणींचा पदर दोन बोटांत चोळून पाहिला, नाक मुरडलं आणि वळसा घालून त्यांच्या पाठीमागे गेल्या. तिकडून आवाज आला.

"केतकी, इकडे ये. हा कासोटा बघ. बघवत नाही, पण बघ."

"आई, आत जायला मनाई आहे."

"मनाई वस्तूंना हात लावायला असते. ही वस्तू आहे का? ही बाई आहे. ये."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि दोरीखालून आत शिरले. ती दोरी मी का ओलांडली हे कळायला चार महिने मागे जावं लागेल, माझ्या लग्नापर्यंत आणि त्या लग्नातल्या एका चेनीपर्यंत.

मी ठाण्याची. सासर मिरजेचं, गिजऱ्यांचं. लग्नाच्या आधी सासूबाईंचा फोन आला होता : "आमच्याकडे सप्तपदीला नऊवारीच लागते. तुला नेसता येते ना?" मी म्हणाले, "हो, येते की." फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, ही फार वाईट सोय आहे. दुसऱ्याच दिवशी मी आणि माझ्या मावशीनं नौपाड्यातल्या एका शिंप्याकडून नऊवारी शिवून आणली. सलवारीसारखे पाय घालायचे, डाव्या कमरेला चेन ओढायची, की झाली नऊवारी. कासोटा कसा, तर इस्त्री केल्यासारखा. लग्नात जो तो त्या कासोट्याचं कौतुक करत होता. माझा नवरा श्रीपाद, त्याच्या बनूआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण, त्यांनी तर माझ्याभोवती एक प्रदक्षिणाच घातली आणि जाहीर केलं, "मुंबईकडची असून मुलीला वळण आहे." ऐन मे महिना, मांडवात जीव उकडून निघत होता, आणि त्यात सप्तपदी चालू असताना सासूबाईंनी येऊन माझ्या अंगावर भलीमोठी शाल पांघरली. गिजऱ्यांची काहीतरी रीत असेल म्हणून मी ती जेवणाच्या पंगतीपर्यंत तशीच वागवली, आणि मग ती नऊवारी न बघताच घाईघाईनं बॅगेच्या तळाशी दडवून टाकली.

खोटं बोललं की ते पचतं, असं मला तोवर वाटत होतं. मग श्रावण लागला आणि घरात गौरींचं बोलणं सुरू झालं.

इतर घरांत गौरींना मुखवटा असतो आणि खाली पत्र्याचा घेर. साडी कशीही गुंडाळली तरी देवी बिचारी चालवून घेते. गिजऱ्यांच्या गौरी मात्र सागवानी, चांगल्या पुरुषभर उंच, पायाच्या बोटांपर्यंत कोरलेल्या. दोन पाय असलेल्या गौरी म्हटल्यावर कासोटा आला, आणि कासोटा आला म्हणजे तो दिसला पाहिजे. म्हणून गौरींच्या पाठीमागे मोठा आरसा लावायची पद्धत. येणाऱ्या बायका आधी आरशात बघायच्या आणि मग गौरींना नमस्कार करायच्या. आवाहनाच्या दिवशी सगळ्या नातेवाईक बायकांसमोर गौरींना नेसवायचं ते घरच्या सुनेनं. सासूबाईंनी हे काम तीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी बनूआत्यांनी जमखंडीहून येऊन गौरी नेसवल्या, आणि जाताना सांगून गेल्या : "आता श्रीपादचं लग्न करा. सुनेला नेसवता आली तर उत्तम. नाहीतर पुढच्या वर्षीपासून गौरी धाकट्या भावाकडे नेते. त्याची सून पटाईत आहे."

म्हणजे माझ्या एका चेनीपायी गिजऱ्यांच्या घरातून गौरी उठणार होत्या. मला झोप लागेना. एका रविवारी दुपारी मी दार लावून श्रीपादला खोलीच्या मध्यभागी उभं केलं आणि सासूबाईंची जुनी नऊवारी त्याला नेसवायला घेतली. त्याला गुदगुल्या फार. कासोट्यापाशी आलं की तो उड्या मारायचा. तिसऱ्यांदा उडी मारली तेव्हा दारावर टकटक झाली आणि सासूबाईंनी विचारलं, "काय पडलं रे?" तो आतून म्हणाला, "काही नाही, व्यायाम करतोय." नऊवारीत.

त्यानंतर दोनच दिवसांनी सासूबाईंनी जेवताना सांगितलं, "येत्या रविवारी आपण राजवाड्यातलं ते कलासंग्रहालय बघायला जाऊ."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. गौरी पंधरा दिवसांवर, डबे घासायचे, अनारशांचं पीठ व्हायचं, आणि ज्या बाईनं जन्मात देवळाशिवाय कशासाठी गाडी काढायला लावली नाही तिला चित्रं बघायची होती.

"अगं, तू मागच्या वर्षी गेली होतीस ना भिशीच्या बायकांबरोबर?" सासरे म्हणाले.

"तेव्हा घाईत झालं," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या.

तर असे आम्ही चौघं श्रीपादच्या जुन्या मारुतीतून दोन तास धक्के खात तिथे पोचलो. जुन्या संस्थानिकांचा वाडा तो, टेकडीवर पसरलेला. तिकिटाबरोबर एक नकाशा देत होते आणि त्यावर छत्तीस दालनं होती. एका दालनात नुसती घड्याळं, एकात हस्तिदंत, एकात झुंबरं, आणि चित्रं तर विचारूच नका. जिन्यावरसुद्धा चित्रं. श्रीपादला चित्रांचं वेड, तो पहिल्याच दालनात एका निसर्गचित्रासमोर तोंड उघडं टाकून उभा राहिला तो राहिलाच. सासरे भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या. त्यांच्या शबनम पिशवीत कायम कापडी टेप असायची. ते चित्रं सोडून भिंतींकडे बघत होते.

सासूबाई मात्र कुठेच थांबल्या नाहीत. त्यांनी नकाशा उघडलासुद्धा नाही. घड्याळांच्या दालनातून डावीकडे, झुंबरांखालून सरळ, ढाली-तलवारींपाशी उजवीकडे. भाजीला निघालेली बाई जशी आपल्या ठरलेल्या भाजीवाल्याकडे जाते तशा त्या चालल्या होत्या, आणि मी मागून धावत होते. सत्ताविसाव्या दालनाच्या दारात खोत नावाचा एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. खाकी कपडे, पांढऱ्या झुबकेदार मिशा. सासूबाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली, मागे वळून सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, हे दालन बावन्न फूट म्हणून लिहिलंय पाटीवर. वाटतं का हो?"

सासऱ्यांचे डोळे चमकले.

"शक्यच नाही. अठ्ठेचाळीस. फार तर साडेअठ्ठेचाळीस."

"अवो सायेब, सरकारी पाटी हाय," खोत म्हणाला.

"सरकारी आहे म्हणूनच म्हणतो. तुमचं नाव काय? खोत? खोत, हे टोक धरा जरा. आणि हलवू नका हां, नाहीतर माप चुकतं."

खोत टेपचं टोक धरून एका भिंतीला चिकटला आणि सासरे टेप उलगडत दुसऱ्या दारातून पार शेजारच्या दालनात गेले. तिथून त्यांचा आवाज यायला लागला, "थोडं वर. नाही, इतकं नाही. आता शेजारचंही घेऊ, तुलनेला बरं." थोड्या वेळानं टेपबरोबर खोतही दिसेनासा झाला. आणि सासूबाईंनी पॉलिस्टरचं ते वाक्य म्हणत दोरी उचलली.

कासोटा खरंच बघवत नव्हता. ज्यानं कुणी महाराणींना नेसवलं होतं त्यानं मागे कापडाचा एक बोळा कोंबून दिला होता. पुढे ओच्याचा पत्ता नाही. निऱ्या घोट्याच्या वीतभर वर.

"तीनशे वर्षं राज्य केलं या घराण्यानं," सासूबाई म्हणाल्या, "आणि शेवटी हे नशिबी आलं." त्यांनी पर्स उघडली. पर्समध्ये सेफ्टी पिनांचं पाकीट आणि सुताची गुंडी होती. बोलता बोलता त्यांनी महाराणींच्या कमरेची गाठ सोडलीसुद्धा.

"आई!"

"हळू. तुला नेसवता येतेच म्हणा, पण प्रत्येक घराची पद्धत निराळी. आमच्या घरची एकदा बघून ठेव. माझा हात वर जात नाही, खांद्याचं काम तू कर."

इतक्या दिवसांत मला कुणी कमरेची गाठ कुठे बांधायची हेसुद्धा सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारू शकत नव्हते, कारण मला येत होतं. आता त्या बोलत होत्या आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ही गाठ, बेंबीच्या किंचित उजवीकडे. पदराला एवढं कापड ठेवायचं, एक हात, दोन हात, आणि वर वीतभर. मधलं सगळं निऱ्यांना. निरी चार बोटांची, कमी नाही जास्त नाही. मग वाकून निऱ्यांचा मधला काठ धरायचा, पायांतून मागे घ्यायचा, ताणायचा, आणि दोन्ही काठ जोडीनं वर दिसतील असा खोचायचा. "काठ म्हणजे रस्ता. रस्ता वाकडा गेला की घर चुकलं," असं त्या म्हणाल्या. शेवटी पुढचा ओचा.

पदर खांद्यावर घ्यायला म्हणून मी महाराणींचा डावा हात जरा वर केला आणि तो सबंध माझ्या हातात आला.

मी त्या हाताकडे बघतच राहिले. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं.

"काखेत धर. नंतर लावू."

दहा मिनिटांत महाराणी खऱ्या महाराणी दिसायला लागल्या. सासूबाई दोन पावलं मागे झाल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "छे. माझं मलाच पटत नाही. खांद्यानं घात केला. सोड सगळं."

"म्हणजे?"

"सोड आणि तू नेसव. मी इथे उभी आहे."

दूर कुठेतरी सासऱ्यांचा आवाज येत होता, "खोत, आता हा कोपरा." मी देवाचं नाव घेतलं, महाराणींची साडी सोडली, आणि त्यांचा हात काखेत धरूनच पहिली गाठ मारली. चुकली. सासूबाईंनी एका बोटानं ती उजवीकडे सरकवली. मी निऱ्या घ्यायला लागले.

आणि तेवढ्यात माणसं आली. इचलकरंजीहून सहलीला आलेल्या सात-आठ बायका, प्रत्येकीच्या हातात चिवड्याची पुडी. त्यांनी आधी महाराणींना पाहिलं, मग मला, मग माझ्या काखेतल्या हाताला.

"काय चाललंय वो?" एकीनं विचारलं.

सासूबाईंनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रात्यक्षिक आहे. दर रविवारी असतं. अर्धवर्तुळात उभ्या राहा, मागच्यांना दिसू दे."

बायका खरंच अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. एकीनं पिशवी खाली ठेवली, एकीनं चष्मा लावला. लगेच बोलणं सुरू झालं. "निरी बारीक झाली बघा." "न्हाई वो, बामणी पद्धत हाय ती." "पोरीचा हात नवा हाय." नवा हात म्हटल्यावर माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण आता मागे फिरायची सोय नव्हती. मी गुडघ्यांवर बसले, काठ धरला, महाराणींच्या पायांमधून मागे घेतला आणि ताणला.

नेमक्या त्याच वेळी टेपची डबी फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि दारात खोत उभा राहिला. पाठोपाठ टेप गुंडाळत सासरे. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी प्रयत्न केला' असं लिहिलं होतं.

"अवो, ह्ये काय चाललंय? दोरीच्या आत कोन सोडलं तुमास्नी?"

"थांबा की वो मामा," चष्मेवाली त्याच्यावरच खेकसली. "कासोटा चाललाय न्हवं. मधी बोलायचं न्हाई."

खोत थांबला. जन्मभर लोकांना 'हात लावू नका' म्हणणारा तो माणूस, त्याला बहुधा कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी काठ जुळवले, एक, दोन, आणि खोचले. मग समोर येऊन ओचा घेतला. मी काखेतला हात महाराणींना परत लावला, तो 'टक्' करून बसला, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या निघून गेल्यावर खोत हळूहळू पुतळ्याच्या मागे गेला. वाकून कासोटा निरखला.

"आमची म्हातारी आली हुती एकदा हितं," तो म्हणाला. "ही बाई बघून तिनं माजी लाज काडली. म्हनली, राखन करताय न्हवं, मग हिच्या अब्रूची बी करा की." त्यानं मिशीवर हात फिरवला. "पर सायेब चारला फेरीवर येत्यात. त्यास्नी काय सांगू?"

"सांगा, आता बरोबर झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि दोरीखालून बाहेर आल्या.

"आणि दालन साडेअठ्ठेचाळीस फूट आहे, तेही सांगा," सासरे म्हणाले.

परत जाताना आम्ही श्रीपादला पहिल्याच दालनातून उचललं. तो त्याच निसर्गचित्रासमोर होता. "काय बघितलंत तुम्ही?" त्यानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "एकच वस्तू, पण नीट."

दहा दिवसांनी गौरी आल्या. बनूआत्या सकाळच्या गाडीनं जमखंडीहून येऊन बरोबर आरशासमोर पाट टाकून बसल्या होत्या. खोलीत अकरा बायका मी मोजल्या. सासूबाई दारात, हात पदरात. मी गाठ मारली, बेंबीच्या किंचित उजवीकडे. निऱ्या घेतल्या. वाकले, काठ मागे घेतला. सागवानी पायांमधून काठ मागे जाताना मला एकदम काखेतला तो हात आठवला आणि हसू आलं, आणि हसू आलं तशी भीती गेली. कासोटा खोचला.

बनूआत्या उठल्या. आरशात पाहिलं. मग गौरीच्या मागे जाऊन कासोट्यात एक बोट अडकवलं आणि खाली ओढलं. कासोटा जागचा हलला नाही. त्यांनी परत ओढलं.

"हं," त्या म्हणाल्या. बनूआत्यांच्या 'हं'च्या वर काही नसतं, हे सगळ्या मिरजेला माहीत होतं. पुढे त्यांनी विचारलं, "ठाण्याला असा शिकवतात कासोटा?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी दारातून आवाज आला, "वन्सं, चहा निवतोय."

दुपारी सगळ्या फराळाला बसल्यावर सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि कपाटातून एक कागदी पुडकं काढून दिलं. उघडलं तर माझी लग्नातली शिवलेली नऊवारी. घडी घातलेली, धुतलेली. डाव्या कमरेला नवी चेन.

मी चेन बोटानं चाचपून पाहिली.

"शिवण उसवली होती चेनीची," त्या म्हणाल्या. "आषाढात बदलून घेतली. कधी घाईत कुठे जायचं झालं तर असू दे."

"तुम्हाला... कधी कळलं?"

"सप्तपदीत. पाचव्या पावलाला टर्र झालं. मी मागेच होते."

शाल! मे महिन्यातली ती शाल. मी खाली बसले.

"आणि मग इतके दिवस काही बोलला नाहीत?"

"बोलून काय, वन्संना ऐकवायचं होतं? भिंतीपलीकडे शेजारच्या काकू, काकूंच्या पलीकडे वन्संची मैत्रीण. या घरात गुपचूप काही शिकायची सोय नाही. आणि पाय असलेली दुसरी बाई कुठून आणायची मी? श्रीपादवर तर तुझं काही जमत नव्हतं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. लग्न झाल्यापासून मी ज्या बाईला चुकवत फिरत होते ती बाई पहिल्या दिवसापासून माझ्या पाठीशी उभी होती, आणि तेही शब्दशः. मी त्यांचा दुखरा हात धरला. त्यांना असलं काही आवडत नसे. त्यांनी तो सोडवून घेतला आणि साडी परत कपाटात ठेवायला लागल्या.

"आई, तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग कपाटात तोंड घालून, आवाज बारीक करून म्हणाल्या,

"मी लग्न होऊन आले तेव्हा पाचवारीतच. मला माझ्या सासूनं शिकवलं. कोठीत, दार लावून, ज्वारीच्या पोत्यावर. पोत्याला पाय नव्हते म्हणून खाली दोन मुसळं बांधली होती." कपाट बंद झालं. "तुझं नशीब, तुला महाराणी मिळाली."